पुढे जात नाही

कळंब, रविवार, १६ मार्च २००३

खंडू यास,

माझ्याकडून जय ख्रिस्त. तुझ्याकडचा जयभीमही मीच इथे लिहून घेतो, कारण तू तो पाठवणार नाहीस हे मला दिसतंय. परवा नारायणगावच्या डेपोत मी तुला हाक मारली. तू एसटीखालून बाहेर आलास, चिंधीने हात पुसलेस, मला बघितलंस आणि परत गाडीखाली शिरलास. त्या गाडीचा एवढा काय बिघाड होता ते तुलाच माहीत.

आपले आजे सख्खे भाऊ. माझा आजा मिशनच्या काळात ख्रिस्ती झाला, तुझ्या बापाने छप्पन्न सालानंतर दीक्षा घेतली, तरी पिंपळवंडीत आपल्या दोन घरांमधली भिंत एकच राहिली. नाताळच्या करंज्या तुमच्याकडे आणि चौदा एप्रिलची खीर आमच्याकडे. दोन धर्मांनी जे बोलणं बंद पाडलं नाही ते एका भाषणाने बंद पडावं, याला काय म्हणावं?

आणि ते भाषण तू ऐकलेलंही नाहीस. ऐकलेल्यांचं ऐकलंस. म्हणून मी काय लिहितो ते वाच. विज्ञान दिनाला आमच्या हायस्कुलात सुदर्शनने उत्क्रांतीचे तक्ते लावले होते. हा आमचा नवा विज्ञान शिक्षक, पोरगा हुशार आहे पण जिभेला हाड नाही. मी जीवशास्त्राचा सगळ्यात जुना मास्तर, म्हणून मला चार शब्द बोलायला सांगितलं. सांगितलं नसतं तरी मी बोललो असतो, त्याचं कारण आज लिहीत नाही. मी म्हणालो की माणूस माकडापासून झाला नाही, त्याला देवाने घडवलं. आमच्या शास्त्रात उत्पत्तीच्या पहिल्याच अध्यायात आहे की जीव आपापल्या जातीप्रमाणे निर्माण झाले. आता बिबट्याची मादी डोंगर सोडून उसात विते, पण उसात जन्मलं म्हणून तिचं पिल्लू कोल्हा होत नाही. जात बदलत नाही.

एवढंच. टाळ्या झाल्या. मला वाटलं देवाच्या नावाला झाल्या. पहिल्या रांगेत संस्थेचे अध्यक्ष रखमाजीराव बसले होते, त्यांनी सगळ्यांत जोरात वाजवल्या.

पुढचं तुला माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे. रखमाजीरावांचा आदेश आणि तुझी यशोधरा, दोघंही माझेच विद्यार्थी. त्यांनी लग्न करायचं ठरवलंय हे तुझ्या आधी मला कळलं होतं, कारण पोरगी दहावीपर्यंत माझ्याच घरात राहून शिकली. वर्षभर आदेश बापाच्या मागे लागला. शेवटी होळी झाली की पिंपळवंडीला पोरगी बघायला येतो असा रखमाजीरावांचा निरोप आला. भाषणाच्या दुसऱ्या दिवशी त्यांनी तो फिरवला. घरात म्हणाले, ख्रिश्चन असून सर सांगतात की जात बदलत न्हाई, त्यांच्या पोथीत लिवलंय, मंग आपण बदलणारे कोण?

खंडू, मी बिबट्याचं बोललो. त्यांनी माणसाचं ऐकलं. यात माझा काय गुन्हा आहे ते लिहून कळव. शिव्या लिहिल्यास तरी चालेल.

तुझा,
शांतवन


कळंब, रविवार, २० एप्रिल २००३

खंडू यास,

पोस्टमन आमच्या चाळीत येतो, बाकीच्यांची पत्रं देतो आणि माझ्याकडे बघून नुसता हसतो. तरी मी लिहितोय.

आज पुनरुत्थानाचा सण, म्हणून मंचरला उपासनेला गेलो होतो. पाळकसाहेबांनी सगळ्या मंडळीसमोर माझं नाव घेतलं. म्हणाले, शांतवन गुरुजींनी विज्ञानाच्या व्यासपीठावर देवाची साक्ष दिली आणि अख्ख्या गावाने ती मान्य केली. त्यांनी माझं भाषण पत्रक म्हणून छापून आणलंय. वर उसातून डोकावणारा बिबट्या, खाली माझं नाव, आणि मथळा काय, तर 'जात बदलत नाही'. मथळा मी दिलेला नाही. छापखान्यातल्या माणसाने भाषणातून उचलला, म्हणे हाच लोकांच्या लक्षात राहील. राहिला. आठवडी बाजारात पत्रकं वाटली तर लोकांनी ती वाचून, घडी घालून खिशात ठेवली. आजवर आमच्या पत्रकांच्या शेंगदाण्याच्या पुड्या व्हायच्या, याच पत्रकाला खिसा मिळाला म्हणून पाळकसाहेब खूष आहेत. मी त्यांना आदेश आणि यशोधराचं सांगितलं. त्यांनी डोळे मिटून दोघांसाठी मनापासून प्रार्थना केली आणि आणखी पत्रकं छापायला टाकली.

आणि गाव माझ्यावर किती प्रेम करायला लागलंय म्हणून सांगू. ज्या घरांनी मला इतकी वर्षं ओट्यावर चहा दिला त्या घरांनी आता आत बोलावलं. शाल झाली, नारळ झाला. रखमाजीराव टोमॅटोचं क्रेट पाठवतात. त्यांच्याच शाळेत नोकरी, त्यांच्याच चाळीत भाड्याने राहतो, पुढच्या वर्षी पेन्शनच्या कागदांवर सही त्यांचीच लागणार. आता माझं बोलणंही त्यांचंच झालं. शलोमी म्हणते, अहो, आधी तुम्ही नुसते भाडेकरू होता, आता पाळलेले वाटता. मी तिच्यावर ओरडलो. नंतर दोन दिवस तिने मला आयता चहा दिला नाही.

गुड फ्रायडेला यशोधरा आली होती. तू पाठवलेलं नाहीस हे तिने आल्या आल्या सांगून टाकलं. दवाखान्यातली ड्युटी संपवून तशीच आली होती. शलोमीने चहा ठेवला, पण पोरगी बसलीच नाही. मी तिला समजावू लागलो की जात म्हणजे जीवशास्त्रातली जात, मांजराची, बिबट्याची, पुस्तकात असते ती. तिने सगळं शांतपणे ऐकून घेतलं.

"काका," ती म्हणाली, "बिबट्याची जात सांगितलीत, कोल्ह्याची सांगितलीत. मी कुठल्या जातीत येते तेवढं सांगायचं राहिलं."

मी म्हणालो, असं बोलू नये. तेवढंच सुचलं. ती गेली आणि चहा कपातच राहिला. मला फार वाईट वाटलं खंडू, आणि रागही आला, आणि तो नक्की कोणाचा ते अजून कळत नाही.

तुझा,
शांतवन


कळंब, रविवार, ३ ऑगस्ट २००३

खंडू यास,

मे महिन्यात मी दारात आलो तेव्हा तू मला आत घेतलं नाहीस, पण निदान बोललास. तू म्हणालास, "तुझ्या आज्यानं देव बदलला. माझ्या बापानं धर्म बदलला. कशापायी बदलला? आन तू माइकवरनं सांगतुस, बदलत न्हाई." आणि दार लावून घेतलंस. पिंपळवंडीपासून कळंबपर्यंत मी हेच घोकत आलो. कंडक्टरने तिकीट विचारलं तेव्हा त्यालाही मी हेच सांगणार होतो. याचं उत्तर असणार, पण ते माझ्याकडे नाही.

या आठवड्यात दहावीला उत्क्रांतीचा धडा आला. दर वर्षी तो मी शिकवतो, आणि प्रत्येक वाक्याच्या आधी 'पुस्तकात असं म्हटलं आहे' हे लावतो. खोटं शिकवायचं नाही आणि सरकारी धडाही सोडायचा नाही, या दोन्हीच्या मधून मला एवढीच बोळ सापडलेली आहे. पोरं मला पाठीमागे 'पुस्तकात सर' म्हणतात. यंदा एकाने हात वर केला. सर, पुस्तकात म्हटलंय बदलते, पत्रकात म्हटलंय बदलत नाही, तर परीक्षेत काय लिहू? मी म्हणालो, परीक्षेत पुस्तक. वर्ग हसला. हे रखमाजीरावांच्या कानावर गेलं तर ते मला शाबासकी देत म्हणाले, बरोबर हाय सर, परीक्षेत पुस्तक आनि गावात पत्रक.

सुदर्शन परवा शिक्षकांच्या खोलीत माझ्या शेजारी येऊन बसला. चेष्टा करेल म्हणून मी वही उघडली, पण तो चेष्टेने बोलत नव्हता. म्हणाला, "सर, सोपं आहे. उत्क्रांती मान्य करा. आमच्यात सगळ्यांचा पूर्वज एक आणि जाती बदलत जातात, म्हणून तर आपण इथे आहोत. एकदा जाहीर बोला, खंडूकाका उद्या तुमच्या दारात येतील." खंडू, तुझ्यासाठी आणि त्या पोरीसाठी, बोलून टाकावं असं मला वाटलं. रात्रभर नाही, पण एक अख्खी दुपार वाटलं. जमलं नाही. का जमलं नाही ते आता लिहितो, आणि मार्चमध्ये जे लिहायचं टाळलं तेही लिहितो.

सुदर्शनच्या तक्त्यावर माकडापासून माणसापर्यंत एक रांग होती, पहिला वाकलेला आणि शेवटचा ताठ. विज्ञान दिनाच्या सकाळी मी तो बघायला गेलो तर वाकलेल्या माकडाखाली कोणीतरी पेनने लिहिलं होतं 'वस्ती'. शेवटच्या ताठ माणसाखाली लिहिलं होतं 'गाव'. इथल्या वस्तीतल्या दोन मुली समोर उभ्या होत्या. त्यांचं वाचून झालं होतं. सुदर्शनने घाईघाईने कागद चिकटवून ते झाकलं, बिचारा लाजेने लाल झाला, त्याचा काही दोष नव्हता. मी तसाच माइकपाशी गेलो.

माझ्या आज्याला गाव 'ए माकडा' म्हणून हाक मारायचं. मेलेलं ढोर ओढायचं असलं की ती हाक यायची. मिशनच्या शाळेत त्याला कोणीतरी सांगितलं की तुला देवाने स्वतः घडवलं, स्वतःसारखं घडवलं. आजा म्हणायचा, ते ऐकलं त्या दिवशी मी माझे हात पहिल्यांदा नीट बघितले. आता सुदर्शनचं शास्त्र मला सांगतं की तुला कोणी घडवलेलं नाही, तू होत होत झालास. असेल त्यांचं गणित बरोबर, पण आज्याचे हात मी परत देऊ शकत नाही. ते दिले तर माझ्याकडे काय राहतं?

म्हणून मी बोललो. त्या दोन पोरींसाठी बोललो. आणि माझं बोलणं जाऊन मिळालं ते पेनने लिहिणाऱ्यालाच. आता इकडे वळलो तर आजा जातो आणि तिकडे थांबलो तर तू जातोस. बसलोय मधेच.

तुझा,
शांतवन


कळंब, रविवार, २८ सप्टेंबर २००३

खंडू यास,

पाळकसाहेबांना मी म्हणालो, पत्रक राहू द्या, पण तो शब्द बदला. ते भले गृहस्थ आहेत. म्हणाले, अर्थ न मोडता दुसरा शब्द आणा, मी बदलतो. तेव्हापासून मी शब्द शोधतोय. हसशील तर हस, मला ते ऐकायलाच पाहिजे आहे.

वाण म्हणावं, तर शलोमी म्हणते बायका हळदीकुंकवाला येतील. कूळ म्हणावं, तर एकीकडून शहाण्णव उभे राहतात आणि दुसरीकडून तलाठी. वंश म्हणावं, तर लगेच दिवा लागतो. बेणं म्हणावं, तर ती शिवी झाली. प्रकार म्हणून बघितलं, तर वाक्य असं झालं की देवाने बिबट्याचा प्रकार केला, आणि बिबट्याने आधीच पुरेसे प्रकार केलेत. प्रजाती हा सरकारी शब्द, तो बाजारात कोणाला कळणार? आपल्या मराठीत कुत्र्याला जात, आंब्याला जात, गुलाबाला जात, बायकांची जात, पुरुषांची जात. एवढ्या मोठ्या भाषेत देवाला वापरायला एक स्वच्छ शब्द मिळू नये.

आणि मिळाला असता तरी उपयोग नव्हता. रखमाजीरावांनी पाळकसाहेबांना न विचारताच जुनं पत्रक स्वतः छापून घेतलं आणि दूध डेअरीवर गठ्ठा ठेवला. त्यांच्या गोठ्यात एकही गाय एका जातीची नाही, सगळ्या जर्सीच्या संकराच्या. सुदर्शनने हे त्यांना तोंडावर सांगितलं. ते म्हणाले, दुधाचं वेगळं असतं.

खरी गोष्ट पुढे आहे. आदेश घरी जेवत नाही. भाजीच्या रोपांची नर्सरी टाकलीय ना त्याने, तिथेच शेडमध्ये झोपतो. बापाला त्याने सांगितलं की करीन तर यशोधराशी, नाहीतर करणार नाही. म्हणून रखमाजीराव चाळीत आले, माझ्या खुर्चीवर बसले आणि म्हणाले, दसरा झाला की भावकी बसवतो, तुमी पोथी घेऊन या सर, पोरगा तुमचं ऐकतो, त्याला तुमच्या तोंडून ऐकू द्या.

मी हो म्हणालो. दुसरं काय म्हणता आलं असतं ते मला सांग. गेलो तर यशोधराचं दार मी माझ्या हाताने बंद करणार. नाही गेलो तर खोली जाते, पेन्शन लटकते, आणि मंडळी म्हणणार की भर बैठकीत साक्ष द्यायची वेळ आली तर गुरुजींनी शेपूट घातलं. शलोमी माझ्याशी कामापुरतं बोलते. मला या घरात श्वास घ्यायलाही परवानगी लागते असं वाटायला लागलंय. जाण्याआधी तुझं एक ओळीचं पत्र आलं असतं तर बरं झालं असतं.

तुझा,
शांतवन


कळंब, रविवार, १२ ऑक्टोबर २००३

खंडू यास,

बैठक झाली. काय झालं ते तुला तिखटमीठ लावून कळायच्या आत मीच लिहितो.

रखमाजीरावांच्या बंगल्यात हॉलमध्ये सतरंजी टाकली होती. भावकीतली चारदोन वडील माणसं, कोपऱ्यात आदेश. पोरगा वाळलाय. मला पाहून उठला आणि माझ्या पाया पडला, ते मला सहन झालं नाही. रखमाजीरावांनी मला मधे बसवलं आणि म्हणाले, वाचा.

मी उत्पत्तीचा पहिला अध्याय उघडला आणि पहिल्यापासून वाचू लागलो. उजेड, पाणी, आकाश. मग झाडंझुडपं आली, आपापल्या जातीची. रखमाजीराव आदेशकडे बघून म्हणाले, ऐक. मासे आले, पाखरं आली, आपापल्या जातीची. पुन्हा म्हणाले, ऐक. गुरं आली, रांगणारे जीव आले, रानातली जनावरं आली, सगळी जातीवार. प्रत्येक वेळी रखमाजीरावांचं 'ऐक'. पुढची ओळ माणसाची होती, आणि ती वाचली की संपलं.

मी ती ओळ वाचली. थांबलो. पुन्हा मनात वाचली. हा अध्याय मी लहानपणापासून तोंडपाठ म्हणत आलोय, खंडू. रविवारच्या शाळेत याच्यावर बक्षीस घेतलंय. माझ्या मेंदूने तो शब्द तिथे आपोआप भरून घेतला असणार, कारण डोळ्यांना कधी काही कमी दिसलंच नाही.

"पुढं वाचा की सर," रखमाजीराव म्हणाले.

"पुढं जात नाही," मी म्हणालो.

"का? चष्मा ऱ्हायला का घरी?"

एकजण पाणी आणायला उठला. मी म्हणालो, "वाचन जातंय, रखमाजीराव. पुढं 'जात' हा शब्द नाही. झाडाला आहे, माशाला आहे, जनावराला आहे. माणसाच्या ओळीत नाही. माणूस देवाने स्वतःसारखा केला, एवढंच आहे."

त्यांनी माझ्या हातातून पुस्तक घेतलं. बोट ठेवून, ओठ हलवत, स्वतः वाचलं. खालच्या ओळी वाचल्या, पान उलटलं, परत मागे आले. मग पुस्तक अदबीने माझ्या हातात दिलं.

"लिवायचं ऱ्हायलं असंल," ते म्हणाले. "आमच्या सातबाऱ्यावर बी असंच व्हतं."

सगळे हसले. खरं सांगतो, मलाही हसू येणार होतं, इतकं ते सहज बोलले. आणि मग मला जे आलं ते हसू नव्हतं.

"तलाठी इसरतो, रखमाजीराव," मी म्हणालो. "त्यो न्हाई इसरत. किड्यामुंगीची सांगितली त्यानं. मान्साची ठिवलीच न्हाई."

मी आपल्या वस्तीच्या बोलीत बोललो. या गावात नोकरीला लागल्यापासून ती मी कोणाला ऐकू दिली नव्हती. मी कोण आहे ते हॉलमधल्या सगळ्यांना त्या क्षणी नव्याने आठवलं असावं. रखमाजीरावांनी चहा सांगितला. तो मला बाहेरच्या ओट्यावर आणून दिला. निरोप देताना ते एवढंच म्हणाले, "पोथी तुमची हाय सर. पोरगा माझा हाय."

तेव्हा तुला सांगायला माझ्याकडे जिंकल्याची बातमी नाही. तुझ्या दारातल्या प्रश्नाचं उत्तर मात्र सापडलं. माझ्या आज्याने आणि तुझ्या बापाने जात बदलली नाही. जी कोणी दिलीच नव्हती ती त्यांनी अंगावरून उतरवून ठेवली. आणि हे मला सुदर्शनच्या माकडाने सांगितलं नाही, माझ्याच शास्त्राने सांगितलं. फक्त मास्तराने ते नीट वाचलेलं नव्हतं.

तुझा,
शांतवन


कळंब, रविवार, ११ जानेवारी २००४

खंडू यास,

नाताळच्या करंज्या शलोमीने यशोधराच्या हाती पाठवल्या होत्या. डबा रिकामा परत आला. धुऊन आला, यावरून खाल्ल्या असाव्यात असं आम्ही धरून चाललोय.

पाळकसाहेबांना मी ती ओळ दाखवली. ती वाचून ते म्हणाले, खरं आहे गुरुजी. मी म्हणालो, मग दुसरं पत्रक काढू, पहिलं चुकलं म्हणून सांगू. तिथे ते अडखळले. आता मागे घेतलं तर डार्विनवाले टाळ्या वाजवतील, म्हणाले, थोडं थांबू. मी एकदा टाळ्या ऐकल्या आहेत, त्यामुळे मला त्यांची भीती उरलेली नाही, पण त्यांना आहे. डेअरीवरचा गठ्ठा उचलायला मी स्वतः गेलो तर तिथला माणूस म्हणाला, सर, हात लावू नका, अध्यक्षांचं हाय. माझंच नाव त्याच्यावर, आणि मलाच हात लावता येत नाही. रखमाजीराव लोकांना सांगतात की सर आता स्वतःच्या भावकीला घाबरून फिरले, पण छापलंय ते खरं. म्हणजे मी जिवंत असून माझ्यापेक्षा माझं पत्रक जास्त खरं झालं. हे पत्रक माझ्या मयतीलाही वाटतील बहुतेक.

सुदर्शन म्हणाला, सर, आता तरी आमच्याकडे या. मी म्हणालो, बाबा, माकडापासून मी आजही झालेलो नाही. तो हसला आणि मला त्याच्या मोटरसायकलवरून मंचरला सोडलं.

आता मुद्द्याचं. परवा आदेश आला. संध्याकाळची वेळ, सगळी चाळ दारात बसलेली, तो सगळ्यांसमोरून सरळ माझ्या घरात आला. लग्न नोंदणी पद्धतीने करतोय, फेब्रुवारीच्या पहिल्या सोमवारी, पुण्याला. नोटीस देऊन झाली आहे. हे तुला माहीत आहे, यशोधराने सांगितलं. तुला माहीत नाही ते पुढे. पोरगा म्हणाला, "सर, माझ्याकडनं कुनी येनार न्हाई. साक्षीला तुमी उभं राहाल का?"

मी विचारलं, मीच का? तुझे मित्र आहेत, सुदर्शन आहे.

"पत्रकावर तुमचं नाव हाय," तो म्हणाला. "तुमीच उभं ऱ्हायलात की मंग गावाला बोलायला जागा न्हाई."

खंडू, मला भीती वाटली. खोटं कशाला लिहू? मे महिन्यात मी रिटायर होतो. सही केली की ही खोली गेली, आणि कळंबमध्ये दुसरी बघायला गेलो की पहिला प्रश्न कोणता विचारतील ते तुला ठाऊक आहे. पेन्शनचे कागद रखमाजीरावांच्या टेबलावर किती महिने झोपतील ते त्यांनाच माहीत. मी आदेशला म्हणालो, विचार करून सांगतो. शलोमी आत भाकरी थापत होती, तिथूनच म्हणाली, "आयुष्यभर साक्ष साक्ष करता. आता खरी मागितली तर विचार करता?" आदेश खाली बघत हसला. मी हो म्हणालो. भाकरी खाऊन तो गेला आणि शलोमीने स्वतःहून चहा केला.

यशोधरा म्हणते की पोरीचा बाप म्हणून तू येणार आहेस. तर एक गोष्ट तुझ्या ध्यानात आली नसेल, ती आणून देतो. त्या कचेरीत मुलाकडचं वडील माणूस म्हणून मी एकटाच असेन. म्हणजे मी तुझा व्याही झालो. भावाशी तू बोलत नाहीस, ठीक आहे, भावकीत असं चालतं. पण व्याह्याशी अबोला धरून कोणी पोरगी दिल्याचं पिंपळवंडीत मी तरी ऐकलेलं नाही. व्याहीभेट ही तुमच्यातही आहे आणि आमच्यातही आहे, आणि तीत मुलीच्या बापाने पुढे येऊन मिठी मारायची असते. मी कचेरीच्या पायरीवर उभा राहीन. आला नाहीस तर मी रुसून बसेन, मुलाकडच्यांना तो हक्क असतो, आणि मला समजवायला तुलाच यावं लागेल. पोरीचा मुहूर्त तेवढ्यासाठी चुकवू नकोस.

तुझा व्याही,
शांतवन